नागपूरच्या उन्हाळ्यात घरच्या जेवणाबरोबर वाईन: बाटली निवडण्यापासून ताटापर्यंत

लाल वाईन खोलीच्या तापमानाला वाढावी, असं वाईनच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. मे महिन्यात नागपुरात दिवसा ४४-४५ अंश होतात. रात्री नऊ वाजता कूलर चालू असतानाही महाल किंवा धरमपेठ भागातल्या घरात ३२ ते ३४ अंश असतातच. या तापमानाला लाल वाईन ओतली की आधी नाकात अल्कोहोल चढतं. मग जीभ चुरचुरते आणि वर सावजी, म्हणजे नागपूरचा झणझणीत मसाल्याचा रस्सा घेतला की सगळंच कडू लागतं. दोष वाईनचा नसतो, रस्स्याचाही नसतो.

म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात दोन गोष्टी आधी ठरवायच्या: बाटली किती थंड हवी आणि ताटात तिखट किती आहे. द्राक्षाची जात त्यानंतर. ‘कोंबडीला पांढरी, मटणाला लाल’ हा नियम इथे फारसा कामाचा नाही, कारण आपल्या जेवणाची चव मांसावर ठरत नाही, ती रस्स्यावर आणि फोडणीवर ठरते. एकाच मसाल्यातल्या पाटोडी (बेसनाच्या वड्यांच्या) रस्स्याला आणि मटणाला जवळपास एकच वाईन चालते. पण तेच मटण नुसत्या मीठ-हळदीत, आळणी शिजवलं तर त्याला वेगळी वाईन लागते.

जिभेवर काय होतं

तिखट म्हणजे चव नव्हे, जळजळ. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना चिकटतं आणि तोंड पोळल्यासारखं वाटतं. अल्कोहोलही त्याच ग्राहींना चाळवतं. त्यामुळे १४ टक्क्यांची वाईन आणि भिवापुरी मिरची एकत्र आली की जळजळ वाढते. लाल वाईनमधलं टॅनिन, म्हणजे सालीतून आणि बियांतून आलेला तुरटपणा, तिखटाबरोबर जास्त बोचतो. बाटली ओक लाकडाच्या पिंपात मुरलेली असेल तर त्यात लाकडाचा कडवटपणाही मिसळतो. थोडी साखर असलेली, कमी अल्कोहोलची, थंड वाईन मात्र ही जळजळ आटोक्यात ठेवते.

आंबटाचं गणित वेगळं आहे. ताटात कैरी, ताक, चिंच किंवा लिंबू असेल तर वाईन निदान तितकीच आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. गोडालाही हाच नियम: पदार्थ गोड आणि वाईन कोरडी, म्हणजे साखर जवळजवळ नसलेली असेल तर वाईन आंबट-कडू होते. मीठ मात्र मदतीला येतं. बेताचं खारट जेवण वाईनचा तुरटपणा कमी करतं आणि तिचा फळांचा स्वाद वर आणतं. सांडगे, पापड, कुरडया यांच्यासोबत बहुतेक वाईन बऱ्या लागतात त्या यामुळेच. तेलातुपाला आंबटपणा किंवा बुडबुडे हवेत, म्हणजे घासागणिक तोंड मोकळं होतं.

बुडबुड्यांबद्दल एक सावधगिरी. तळलेल्याबरोबर स्पार्कलिंग वाईन उत्तम, पण झणझणीत तर्रीवर तेच बुडबुडे टोचतात. तिखट रस्स्यासाठी ती काढू नका.

दुकानात

महाराष्ट्रातली द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चदरम्यान तोडली जातात. लेबलवर जे वर्ष छापलेलं असतं ते या तोडणीचं. साधी पांढरी किंवा रोझे (गुलाबी) वाईन घेताना चालू किंवा मागच्या वर्षाचीच घ्या. या वाईन ठेवून सुधारत नाहीत आणि नागपुरात तर नाहीच नाही.

वर्षापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे बाटली दुकानात कशी ठेवली होती. वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली मे-जूनमध्ये अक्षरशः शिजते. घेण्याआधी एवढं बघा: बूच कडेपासून वर आलंय का, बुचाखाली चिकट ओघळ आहे का, मानेतली पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली आहे का. पांढरी वाईन काचेतून गडद सोनेरी किंवा तपकिरी दिसली तर परत ठेवा. शिजलेली वाईन उघडली की ताज्या फळाऐवजी मुरंब्याचा किंवा उकडलेल्या मनुकांचा वास येतो. तो कितीही थंड केली तरी जात नाही. दुकानात फ्रीज असेल तर त्यातलीच मागा. भारतीय पांढऱ्या वाईनना बहुधा फिरकीचं झाकण असतं. ते कमी दर्जाचं लक्षण नव्हे, उलट उन्हाळ्यात बुचापेक्षा ते बरं.

अल्कोहोलचा आकडा लेबलवर असतोच. तिखट जेवणासाठी १२ ते १३ टक्क्यांच्या आत राहा. स्पार्कलिंगवर ‘ब्रूट’ असेल तर ती कोरडी, लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर. ‘डेमी-सेक’ म्हणजे ३२ ते ५० ग्रॅम, चांगलीच गोड. साध्या वाईनवर ‘ऑफ-ड्राय’ दिसलं तर किंचित गोड समजा. ‘पोर्ट’ नावाने स्वस्तात मिळणारी गोड लाल वाईन या लेखातल्या कुठल्याच पदार्थासाठी घेऊ नका. तिच्यात गोडवा भरपूर पण तो पेलणारा आंबटपणा नाही, दोन घोटांत तोंड चिकट होतं.

घरात उन्हाळाभर ठेवायला चार प्रकार पुरतात. एक, किंचित गोड पांढरी शेनिन ब्लाँ. नाशिकच्या सुला कंपनीची सगळीकडे मिळते. दुसरी कोरडी, आंबटसर सोव्हिन्यों ब्लाँ, हीही पांढरीच, सुलाची किंवा सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या फ्रातेलीची. तिसरी रोझे, झिनफँडेल द्राक्षाची सहज मिळते. चौथी ब्रूट स्पार्कलिंग, सुलाची किंवा नाशिकजवळ दिंडोरीत बनणारी शाँदों. लाल हवीच असेल तर ओकमध्ये न मुरवलेली शिराझ किंवा सांजोव्हेझे घ्या. कॅबर्ने सोव्हिन्यों आणि ‘रिझर्व्ह’ लिहिलेल्या भारी बाटल्या डिसेंबरसाठी राखा.

बाटली घेऊन थेट घरी या. बंद गाडीच्या आत भर उन्हात ६० अंशांपर्यंत तापमान जातं. सीताबर्डीत आणखी दोन कामं आटपेपर्यंत डिकीत ठेवलेली बाटली तेवढ्यातच बिघडू शकते. महाराष्ट्रात मद्य घ्यायला आणि प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा परवाना दुकानात मिळतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, त्यामुळे सेवाग्रामकडच्या पाहुण्यांसाठी बाटली गाडीत टाकून निघू नका.

थंड करणं: इथेच सगळं ठरतं

वाढतानाचं तापमान असं धरा: स्पार्कलिंग ६ ते ८ अंश, पांढरी आणि रोझे ८ ते १०, हलकी लाल १४ ते १६. बाहेरच्या पुस्तकांत ‘लाल वाईन अर्धा तास फ्रीजमध्ये’ असं असतं, ते २१ अंशांच्या बाटलीसाठी. आपल्याकडे सुरुवातच ३४ पासून होते. ७५० मिलीची बाटली ३४ अंशांवरून खाली यायला साधारण इतका वेळ लागतो:

फ्रीजमध्ये (आत ५ अंश असतील तर) पांढरीला ४ ते साडेचार तास, लालला २ तास.
फ्रीझरमध्ये पांढरीला सव्वा तास, लालला ५० मिनिटं.
बर्फ, पाणी आणि मीठ घातलेल्या बादलीत पांढरीला २५ मिनिटं, लालला १५.

मे महिन्यात फ्रीज दर दहा मिनिटांनी उघडला जातो, आत गरम वरणाचं भांडंही ठेवलेलं असतं. अशा फ्रीजमध्ये ७-८ अंश असतात आणि वेळ आणखी लांबतो. म्हणून पांढरी सकाळीच आत टाका, दारात नको, मागच्या बाजूला आडवी ठेवा. फ्रीझरचा भरवसा धरायचा तर मोबाइलवर गजर लावा. वाईन उणे ५-६ अंशांच्या आसपास गोठते, फुगते आणि बूच ढकलते. स्पार्कलिंग फ्रीझरमध्ये ठेवूच नका, बाटली फुटू शकते.

बादलीची पद्धत सगळ्यात भरवशाची, पण ती नीट करावी लागते. नुसता बर्फ भरला तर बाटलीला तो ठिकठिकाणीच टेकतो, मधे हवा राहते आणि थंडावा धड पोहोचत नाही. खोल बादलीत किंवा मोठ्या पातेल्यात दोन किलो बर्फ, दीड-दोन लिटर पाणी आणि मूठभर जाडं मीठ घाला. बाटली मानेपर्यंत बुडली पाहिजे. दर पाच मिनिटांनी ती जागच्या जागी फिरवा. मीठ बर्फाचं पाणी शून्याखाली नेतं, म्हणून वेळ वाचतो. लेबल सुटून येईल, त्याला इलाज नाही.

ओलं फडकं गुंडाळून बाटली कूलरसमोर ठेवण्याची युक्ती बरेच जण करतात. कोरड्या हवेत ती काम करते, पण एका मर्यादेपर्यंतच. ४२ अंश आणि वीसेक टक्के आर्द्रता असताना बाष्पीभवनाने वस्तू फार तर २३-२४ अंशांपर्यंत उतरते, माठातलं पाणीही तेवढ्यावरच थांबतं. पांढऱ्याला ते पुरत नाही, लालसाठी अर्धीच वाट होते. वीज गेली तर मात्र तेवढाच आधार.

आता पेला. १५० मिली ओतून ठेवली की ३३ अंशांच्या खोलीत दहा मिनिटांत ती तीन-चार अंशांनी वर जाते. म्हणून एका वेळी ७५ ते ९० मिलीच ओता, बाटली पुन्हा बादलीत. पेला दांडीला धरा, तळव्यात नको. बर्फाचा खडा पेल्यात टाकायचा मोह होतो. त्यापेक्षा मूठभर द्राक्षं फ्रीझरमध्ये गोठवून ठेवा आणि पेल्यात दोन टाका, वाईन पातळ होत नाही.

खोलीच्या वासाकडेही लक्ष द्या. कूलरच्या नव्या गवताचा किंवा वाळ्याच्या ताटीचा ओला वास सुखाचा असतो, पण सोव्हिन्यों ब्लाँचा नाजूक वास त्याखाली पार दबतो. अशा खोलीत जेवायचं असेल तर सुवासिक वाईनवर पैसे घालू नका. शेनिन किंवा रोझे पुरे. कूलरचा थेट झोत टेबलावर नको. उदबत्ती आणि मोगऱ्याचा गजरा दुसऱ्या खोलीत. पेले कपाटात डांबरगोळ्यांजवळ ठेवलेले असतील तर आदल्या दिवशी काढून गरम पाण्याने धुवा. भांड्याच्या साबणाचा लिंबाचा वास राहिला की स्पार्कलिंगचा फेसही लगेच बसतो.

ताटात काय आहे त्यावर

कढी-गोळे. इथे मुख्य चव ताकाची. सोव्हिन्यों ब्लाँ ९ अंशांवर. कढीसाठी ताक ताजं, बेताचं आंबट घ्या. दोन दिवसांचं फार आंबलेलं ताक असेल तर कोणतीच वाईन त्याच्यापुढे टिकत नाही. अशा वेळी लिटरभर कढीला सुपारीएवढा गूळ घालून आंबटपणा उतरवा. फोडणीत मेथीदाणे करपले तर कढी कडू होते आणि वाईन ती कडू चव वाढवूनच दाखवते. दाणे लालसर होताच हिंग टाकून गॅस बंद करा.

गोळा-भात, वडा-भात. ब्रूट स्पार्कलिंगची ही हक्काची जागा. भरडलेल्या डाळीचे गोळे किंवा वडे, मऊ भात, वरून हिंग आणि लाल मिरचीची फोडणी घातलेलं गरम तेल. तेल भरपूर, तिखट बेताचं, मीठ नीट: बुडबुड्यांना आणखी काय हवं! एकच पथ्य. भातावर लिंबू पिळू नका, लिंबाने वाईन मिळमिळीत होते. ज्यांना आंबट हवं त्यांनी ताक वेगळ्या वाटीत घ्यावं.

चून-भाकर, पिठलं. बेसनाची मातकट, भरीव चव आणि ज्वारीचा किंचित गोडवा यांना शेनिन ब्लाँ छान बसते. पंचाईत होते ती ठेच्याची आणि बुक्कीने फोडलेल्या कच्च्या कांद्याची. कांद्याचा उग्रपणा तोंडात बराच वेळ राहतो. कांदा पातळ कापून दहा मिनिटं मीठ लावून ठेवा, पिळून घ्या, मग वाढा. ठेचा तव्यावर तेलात नीट परतलेला असू द्या. कच्च्या लसणाच्या ठेच्यावर वाईन फुकट जाते.

चिवळीची भाजी, डाळकांदा, सांडग्यांची भाजी यांना फार विचार नको. चिवळीला मुळातच आंबटपणा असतो, तिला सोव्हिन्यों. बाकी दोन्हीला रोझे किंवा शेनिन, घरात जी उघडी असेल ती.

झिंगे आणि मासे. भंडाऱ्याकडून येणारे झिंगे कैरी घालून केले तर सोव्हिन्यों ब्लाँ. रोहू-कतल्याचे तळलेले तुकडे असतील तर स्पार्कलिंग. लाल वाईन माशाबरोबर टाळाच. त्यातल्या लोहाची माशाच्या तेलाशी गाठ पडली की तोंडात शिळ्या माशाचा वास राहतो. पांढऱ्या वाईनमध्ये लोह बहुधा कमी असतं. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास असेल तर तो आधीच काढा: तुकड्यांना मीठ, हळद आणि लिंबू लावून वीस मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका. हे लिंबू चालतं, कारण ते धुतलं जातं.

सावजी

इथे बहुतेक जण हात टेकतात, म्हणून जरा सविस्तर. सावजी मसाल्यात मिरचीखेरीज काळी मिरी, दगडफूल, खसखस, सुकं खोबरं, भाजलेली ज्वारी असं बरंच काही असतं. हे सगळे गडद, भाजके वास लाल वाईनशी जुळण्यासारखे आहेत. शिराझमध्ये तर काळ्या मिरीचा वास मुळातच असतो. आडवं येतं ते फक्त तिखट आणि तेल. पूर्ण तिखटाचं, हॉटेलात मिळतं तसं सावजी जेवायचं असेल तर वाईन उघडू नका. पाणी, ताक किंवा बिअर बरी. घरी करताना मात्र ताबा आपल्या हातात असतो.

कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणजे रस्स्यातलं बरंचसं तिखट वर तरंगणाऱ्या तर्रीत असतं. याचा फायदा घ्या. एक किलो मटणाचा रस्सा तयार झाला की गॅस बंद करून दहा मिनिटं हलवू नका. तर्री वर येऊन तिचा लाल, चकचकीत थर बसतो. पळी तिरपी धरून, कडेने, खालचा रस्सा न ढवळता चार-पाच मोठे चमचे तर्री वाटीत काढा. वाटी ताटांच्या मधोमध ठेवा. ज्याला हवी तो वरून घेईल. रस्स्याचा रंग थोडा उतरतो, मसाल्याचा वास तसाच राहतो, तिखट मात्र लक्षात येण्याइतकं कमी होतं.

मिरची वाटतानाच प्रमाण बदलता येतं. एरवी १५ भिवापुरी मिरच्या घेत असाल तर ८ भिवापुरी आणि ७ ब्याडगी घ्या. रंग टिकतो, जाळ उतरतो. खसखस आणि खोबरं नेहमीपेक्षा चमचाभर वाढवा. काळी मिरी कमी करू नका, शिराझला तीच हवी असते. मटणाच्या चरबीमुळे आणि प्रथिनांमुळे टॅनिन मऊ पडतं, म्हणून हाडाचे आणि थोडे चरबीचे तुकडे घ्या, नुसतं बोनलेस नको.

अशा रस्स्याला दोन पर्याय. सुरक्षित हवा असेल तर रोझे किंवा किंचित गोड शेनिन, अगदी ८ अंशांवर. लालच हवी असेल तर बिनओकची शिराझ १५ अंशांवर, त्याहून वर नाही. १८ च्या पुढे ती गेली की पुन्हा तेच कडू-जाळ सुरू होतं. सोबत ज्वारीची भाकर किंवा पांढरा भात भरपूर असू द्या. पाटोडी रस्सा आणि अंड्याचा रस्सा याच मसाल्यात करत असाल तर त्यांना चरबीचा आधार नाही, म्हणून लाल वाईन नको, रोझेच.

टोमॅटो-कांद्याच्या वाटणातलं कोंबडीचं घरगुती कालवण असेल तर थंड सांजोव्हेझे बघा. टोमॅटोचा आंबटपणा ती उत्तम पेलते.

कैरी आणि आमरस

कैरीचा टक्कू, मेथांबा आणि पन्हं यांत आंबट-गोड-तिखट तिन्ही असतं. वाईनला याहून अवघड काही नाही. टक्कू ताटाच्या कडेला चमचाभरच ठेवा आणि त्याच्या घासावर लगेच वाईन घेऊ नका, मधे भाकरीचा तुकडा खा. पन्हं जेवणाआधी द्या, जे वाईन घेत नाहीत त्यांच्यासाठी जेवतानाही.

आमरसाबरोबर कोरडी वाईन म्हणजे दोघांचंही नुकसान: रस नुसता गोड लागतो, वाईन लिंबाच्या पाण्यासारखी. जोडी जमवायचीच असेल तर लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ घ्या. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस राहून गोडी दाट होते, तरी आंबटपणा बऱ्यापैकी टिकतो. ती छोट्या बाटलीत मिळते आणि माणशी ५० मिली पुरते. रसात वरून साखर घालू नका. बैंगनफल्ली असेल तर तशीही गरज नसते. रसावर तूप आणि सुंठपूड घालत असाल तर जरूर घाला, सुंठेची ऊब या वाईनला शोभते. मात्र खरं सांगायचं तर आमरस-पोळीचं जेवण असेल त्या दिवशी वाईन बाजूला ठेवणं हाच आमचा सल्ला. रसाला सोबतीची गरज नाही.

रात्री नऊच्या जेवणाचं वेळापत्रक

चार माणसं, गोळा-भात आणि कमी तर्रीचं सावजी मटण असा बेत धरू. एका बाटलीतून ७५ मिलीचे दहा पेले होतात. चौघांना एक स्पार्कलिंग आणि एक रोझे किंवा शिराझ पुष्कळ झाली.

सकाळी दोन्ही बाटल्या फ्रीजच्या मागच्या बाजूला. संध्याकाळी साडेसहाला मटण चढवा, साडेसातला उतरवून तर्री काढा. शिराझ सकाळपासून फ्रीजमध्ये आहे, म्हणजे ५-६ अंशांवर. ती सव्वाआठला बाहेर काढा. ३३ अंशांच्या खोलीत ती पाऊण ते एक तासात १५ च्या आसपास येते. अंदाज घ्यायचा तर बाटलीवर हात ठेवा: गार लागावी पण बोटं बधिर होऊ नयेत, आणि बाहेरचं दव विरायला लागलेलं असावं. स्वयंपाकघरात थर्मामीटर असेल तर पहिला पेला मोजा.

पावणेआठला चव बघणं चुकवू नका. चमचाभर रस्सा खा, लगेच वाईनचा घोट घ्या. स्पार्कलिंग आता उघडू नका, जी बाटली मटणासोबत जाणार तिचाच घोट बघा. ती अजून फार थंड असेल, तर घोट तोंडात थोडा धरून ठेवा. वाईन कडू लागली तर रस्स्यातून आणखी दोन चमचे तर्री काढा. पाणचट लागली तर रस्स्यात आंबट जास्त झालंय. चिमूटभर गूळ घाला. वाईन तुरट लागत असेल तर मीठ कमी पडलंय का बघा, पाव चमचा मिठानेही फरक पडतो. रस्सा सुधारता येतो, वाईन नाही, म्हणून दुरुस्ती पातेल्यातच करायची.

साडेआठला बर्फाची बादली तयार ठेवा, स्पार्कलिंग त्यात. उघडताना बूच नव्हे, बाटली फिरवा. बूच घट्ट धरून ४५ अंश तिरपी ठेवली की आवाज न होता निघते. गरम बाटली उघडली तर निम्मा फेस टेबलावर जातो. नऊला गोळा-भात आणि स्पार्कलिंग, मटण आल्यावर दुसरी बाटली. प्रत्येकापुढे पाण्याचा गडवा किंवा तांब्या हवाच. दिवसभर घामाने पाणी गेलेलं असतं आणि अल्कोहोल लघवीवाटे आणखी काढतं, म्हणून एका पेल्यामागे निदान तेवढे दोन पेले पाणी. दुपारी उन्हात फिरून आलेल्याला, ऊन लागल्यासारखं वाटणाऱ्याला किंवा औषधं चालू असलेल्याला आग्रह करू नका. गाडी चालवणाऱ्याला पन्हं द्या.

उरलेली बाटली

जेवण संपल्यावर बाटली टेबलावर राहिली तर सकाळपर्यंत तिचा आंबूस वास यायला लागतो. लगेच झाकण लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. पांढरी आणि रोझे तीन दिवस, लाल तीन-चार दिवस टिकते; लालसुद्धा फ्रीजमध्येच. स्पार्कलिंगला चिमट्याचं खास झाकण लागतं, तरी दुसऱ्या रात्रीपर्यंत संपवा. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून फेस टिकत नाही.

चौथ्या दिवशी उरलेली वाईन पिण्यापेक्षा बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा. लालचे दोन खडे मटण परतताना घाला आणि झाकण न ठेवता अल्कोहोलचा वास जाईपर्यंत, चार-पाच मिनिटं आटवा, मगच पाणी ओता. शेनिनचे खडे मे महिन्यात कलिंगडाच्या फोडींवर ठेवायला बरे, पण ते ताट मुलांच्या हाती लागणार नाही असं बघा.